आजोबांच्या पूर्वजाचे खंदक

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्या वर्षी 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला, की कंटाळून मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायला लागले. एका हळदीकुंकवाला मी नागपूरची होते, कोणाच्या तरी डोहाळजेवणाला वऱ्हाडातली, आणि कोजागिरीला तर 'रेल्वे क्वार्टर्समधली' असं सांगून मोकळी झाले. तिन्ही उत्तरं खरी होती. वडील रेल्वेत होते, क्वार्टर नागपुरात होतं आणि आजीचं गाव वऱ्हाडात. पण विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर यातल्या एकातही नव्हतं, आणि त्याला काय हवंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

विचारणाऱ्यांत सगळ्यात चिवट होते आमच्या मराठी मंडळातले काका. ते माझे सख्खे कोणी नव्हते, पण एडिसनच्या आसपासच्या झाडून सगळ्या मराठी घरांचे काका होते. साठीला टेकलेले, पुण्याचे आणि मनाने मोठे. आम्ही विमानतळावर उतरलो तेव्हा भर बर्फात गाडी घालून आम्हाला घ्यायला तेच आले होते. आमची पहिली गादी, पहिला कुकर आणि माझा पहिला हिवाळी कोट त्यांच्याच तळघरातून आला. एवढं केल्यावर आपण ते नेमकं कोणासाठी केलं हे जाणून घ्यायचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांना वाटत असावं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यामुळे काकांची मोठी पंचाईत झाली होती.

"या आडनावाचे आमच्यातही आहेत हो," ते म्हणायचे, "आणि इतरांतही आहेत. कुलदैवत कुठलं तुमचं?"

"बदली झाली काका त्यांची," मी म्हणायचे. "रेल्वेत चालायचंच."

काका हसायचे आणि पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने यायचे. लग्न कोणत्या पद्धतीने झालं, मामा काय करतात, घरी श्रावण पाळता का. मी प्रत्येक चेंडू टोलवायचे आणि मला त्यात मजाही यायची, हे कबूल करते.

वाचकांपासून मात्र लपवायचं काही कारण नाही. आम्ही बौद्ध. मी जन्मायच्या आधीच आईवडिलांनी दीक्षा घेतली होती. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती. ती काकांना शोभेची वाटायची, कारण तशी अमेरिकन लोकही ठेवतात. निळ्या कोटातला, चष्म्यातला दुसरा एक फोटो होता, तो आमच्या निजायच्या खोलीत होता, आणि पाहुणे तिथवर येत नसत. पुण्यात शिकताना एका घरमालकिणीने आडनाव, मामा आणि गाव अशी बेरीज करून माझं उत्तर काढलं होतं. मग आठवड्याभरात तिला माझी खोली भाच्यासाठी लागली. भाचा काही कधी आला नाही. तेव्हापासून हा प्रश्न समोर आला की माझ्या तोंडून सरळ उत्तर निघत नाही.

"सांगून टाक ना यार एकदा," माझा नवरा म्हणायचा. "काय होईल फार तर?"

"गादी परत मागतील," मी म्हणायचे.

आमच्या शेजारच्या घरात एक अमेरिकन म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचे, इथेही तेच म्हणते. बायको गेलेली, विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले, आणि डोळे दिवसेंदिवस अधू होत चाललेले. त्यांना एकच ध्यास होता, तो म्हणजे त्यांचा पूर्वज. हा पूर्वज इंग्लंडहून जहाजाने आला, इथलं जंगल तोडून त्याने शेत केलं, अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी वसाहतीच्या फौजेत शिपाई म्हणून फ्रेंचांशी लढला आणि शेवटी चर्चमागच्या दफनभूमीत पुरला गेला. इथवर सगळं पक्कं. पण तो इंग्लंडातल्या कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, हे घराण्यात कोणालाच माहीत नव्हतं. जुना दगड झिजला म्हणून आजोबांनी त्याच्या थडग्यावर नवा बसवला होता. त्यावर नाव होतं, फौज होती, मृत्यूचं साल होतं, आणि 'जन्म' या शब्दापुढची ओळ कोरी होती. ती ओळ भरून घ्यायची आणि डोळे पुरते जायच्या आत स्वतः वाचायची, एवढंच त्यांना आयुष्यात राहिलं होतं.

म्हणजे हाही माणूस 'मूळचे कुठले' हेच विचारत होता. पण तो ते स्वतःच्या बाबतीत विचारत होता, म्हणून मला आवडला.

मी तेव्हा साबणाच्या एका कंपनीत केमिस्ट होते आणि शनिवार मोकळा असायचा. दर शनिवारी मी आजोबांना गाडीतून लायब्ररीत न्यायचे. तिथल्या अंधाऱ्या खोलीत मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर बसून इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मी मोठ्याने वाचायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. यात माझा स्वार्थही होता. शनिवारी मंडळात कोणाकडे तरी सत्यनारायण असायचाच, आणि 'शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला लायब्ररीत न्यायचंय' ही सबब इतकी सोज्वळ होती की तिला कोणी हरकत घेऊ शकत नव्हतं. काकू तर म्हणायच्या, तुम्ही सत्यनारायणाला न येताच पुण्य कमावताय.

वर्षभराने त्या नावाची तीन बाळं सापडली, तीन वेगळ्या गावांत. त्यातलं एक पाळण्यातच गेलं होतं. उरलेल्या दोघांपैकी एक जमीनदाराचा धाकटा मुलगा होता आणि दुसरा कातडी कमावणाऱ्याचा. दोघेही वयात येता येता आपापल्या गावातून नाहीसे झालेले. यातला कोण बोटीत चढला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आजोबांचा कल कुठे असेल याचा अंदाज मी त्यांच्या दिवाणखान्यावरून बांधला होता. तिथे एक ढाल टांगलेली होती. त्या काळी मासिकांत जाहिराती यायच्या. आपलं आडनाव कळवलं की एक कंपनी त्या घराण्याची राजमान्य ढाल टपालाने पाठवायची. आजोबांच्या ढालीवर सिंह होता, पण तो दूध मागणाऱ्या मांजरासारखा दिसायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणात कणसं भाजताना काकांची आणि आजोबांची गाठ पडली, आणि दोघांचं असं काही जमलं की विचारू नका. काकांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आणून आजोबांच्या मांडीवर ठेवला. आजोबांना छापील अक्षरं दिसत नव्हती आणि दिसली असती तरी देवनागरी येत नव्हती, पण त्यांनी पानं चाचपून ग्रंथाच्या जाडीचं मनापासून कौतुक केलं. काकांच्या पूर्वजाने पेशव्यांच्या पदरी काहीतरी मोठं काम केलं होतं. नेमकं काय, ते दर सांगण्यात थोडं वाढायचं.

"जमीनदाराचाच मुलगा," दोन बाळांची हकीकत ऐकून काकांनी निकाल दिला. "लढाईत उतरला, जमीन केली, राखली. हे रक्तात असावं लागतं. नो डाउट!"

"तुम्हाला या विषयातलं कळतं," आजोबा म्हणाले. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." आणि त्यांनी दगड कोरणाऱ्या कारागिराला फोन करून टाकला. मला ते घाईचं वाटलं, पण माझ्यापाशी तरी दुसरं काय होतं?

ऑक्टोबरात, कारागीर येणार त्याच्या आदल्या दिवशी, आजोबांना एकदा जुन्या शेतावर जाऊन यायचं होतं. काकांनी आपली स्टेशन वॅगन काढली, मी बटाट्याच्या भाजीचे पोळीचे रोल करून घेतले आणि आम्ही तिघे निघालो. ते शेत आता घोडे पाळणाऱ्या एका कुटुंबाकडे होतं. त्यांनी हात हलवून आम्हाला आत सोडलं. मागच्या उताराखाली ओढा होता, आणि ओढ्याच्या काठाला लांबट चौकोनी खड्डे होते, ओळीने खणलेले, बुजत आलेले, वाळक्या पानांनी भरलेले.

"हे त्याचे खंदक," आजोबा वरूनच म्हणाले. "इथून त्याने शेत राखलं. माझे वडील आम्हा भावंडांना दर वर्षी इथे आणून रांगेत उभं करायचे आणि सॅल्यूट करायला लावायचे."

काकांनी हात जोडले. बूट काढायचे तेवढे बाकी ठेवले.

मी खाली उतरले. खंदक खणणारा शिपाई जरा जरी शहाणा असला तरी तो टेकाडावर खणेल. पाणी भरेल अशा खोलगट जागी कोण लपून बसेल? काठीने पानं सारली तर कडेला कुजलेल्या फळ्या लागल्या. पुढे ओढ्याच्या दरडीतून गुरांच्या शिंगांचे तुकडे बाहेर आलेले होते, ढीगभर. अशी शिंगं आणि असे हौद मी लहानपणी पाहिलेले होते.

"काय पुटपुटताय?" काका मागून उतरत म्हणाले.

"काका, हे खंदक नाहीत. कातडी भिजवायचे हौद आहेत. पूर्वज इथे चामडं कमावत होता."

"शू! हळू बोला!"

"त्यांना मराठी कळत नाही, काका."

"तरी हळू बोला." काकांनी वर उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहून हात हलवला. "म्हातारा मोडून पडेल हो. एवढं आयुष्य ज्याचा अभिमान धरला, तो निघाला कातड्याच्या धंद्यातला! काही सांगायचं नाही. उद्या ती ओळ कोरून होऊ दे. आणि तुम्हाला कसं कळलं हे?"

"केमिस्ट आहे ना मी," मी म्हटलं, आणि मग, कसं कोण जाणे, पुढे म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. नको सांगायला."

काकांचं आणि माझं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. मला आजीचा आवाज ऐकू येत होता. आमची वस्ती गावाबाहेर होती, आणि आमच्याही पलीकडे, नाल्याला लागून, कातडी कमावणाऱ्यांची घरं होती. 'तिकडे नोको जाऊ वं पोरी,' आजी ओरडायची. जिला अख्ख्या गावाने बाहेर ठेवलं होतं तिलाही बाहेर ठेवायला कोणीतरी लागायचंच. मी चोरून जायचे ते सोडा, पण आजीचं ते ओरडणं माझ्याबरोबर विमानात बसून न्यू जर्सीपर्यंत आलं होतं, हे मला त्या ओढ्याकाठी कळलं, आणि माझा मलाच राग आला.

तिथून आम्ही दफनभूमीत गेलो. चर्चच्या मागच्या बुटक्या भिंतीवर बसून डबे उघडले. आजोबा आपला रोल खाता खाता दुसऱ्या हाताचं बोट दगडावरच्या कोऱ्या ओळीवरून फिरवत होते.

"वर्षभर मी तुझ्या डोळ्यांनी वाचतोय," ते मला म्हणाले. ते अर्थात इंग्रजीत बोलत. माझ्या कानात ते मराठीतच उरलंय. "तिथे खाली तुला काय दिसलं? तुम्ही दोघं बराच वेळ तुमच्या भाषेत कुजबुजत होतात, आणि वर आल्यापासून हा माणूस माझ्याशी फार गोड बोलतोय."

"सांगू नका हं," काका आजोबांकडे पाहून हसत हसत मला मराठीत म्हणाले.

मी सांगितलं. हौद, फळ्या, शिंगं, सगळं. गप्प राहिले असते तर दुसऱ्या दिवशी त्या दगडावर भलत्याच माणसाचं गाव कायमचं कोरलं गेलं असतं, आणि तेही माझ्या डोळ्यांच्या भरवशावर.

आजोबांचं बोट ओळीवर थांबलं. "खात्री आहे तुझी? ही दफनभूमी सांभाळणाऱ्या चर्चच्या कमिटीलाही तिथे खंदकच दिसतात. त्यांना काय सांगू? तू हे कुठे पाहिलंस?"

केमिस्ट असल्याचं उत्तर जिभेवर आलं होतं. पण साबणाच्या कंपनीत शिंगं नसतात. काका माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं कुठून कुठून फिरून जो प्रश्न त्यांनी विचारला होता, तो या म्हाताऱ्याने एका वाक्यात माझ्यासमोर ठेवला होता.

"आजीच्या गावी," मी म्हटलं. "आम्ही अस्पृश्य. आमची घरं गावाबाहेर होती, आणि आमच्या पुढे कातडी कमावणारे राहायचे. त्यांचे हौद असेच होते, अशाच ओळीत. तिथे कातडं भिजवायला ओकच्या सालीऐवजी बाभळीची साल, एवढाच फरक. मी तिथे खेळलेय."

काकांच्या हातातला रोल तोंडापाशी थांबला. मग त्यांनी तो सावकाश डब्याच्या झाकणावर ठेवला.

आजोबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. "म्हणजे माझ्या बापाने," ते डोळे पुसत म्हणाले, "आम्हाला कातडी भिजवायच्या हौदांना सॅल्यूट मारायला लावला! दर वर्षी! थंडीत!"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"कशाचं? विम्याच्या धंद्यात मी जमीनदारांचे धाकटे मुलगे पुष्कळ पाहिले. कामाचा एक नसतो. मला वर्षभर भीती होती, तो त्यातला निघतो की काय."

"मग ती ढाल?"

"ती बायकोने मागवली होती. भिंतीवर ओल आली होती, ती झाकायला."

परतीच्या वाटेवर आजोबा कातडी कमावायला किती दिवस लागतात, वास किती लांब जातो, असं एकेक विचारत होते आणि मी सांगत होते. काका गाडी चालवत होते. त्यांनी मला घराशी सोडलं, 'बराय' म्हटलं आणि गेले.

त्या दिवाळीला काकांचा फोन आला नाही. फराळाला बोलावणं नव्हतं, संक्रांतीला तिळगूळ नव्हता. इतर घरांतून आमंत्रणं येत होती, पण कमी कमी. ओक ट्री रोडवर तेव्हा आपल्या लोकांची मोजकीच दुकानं होती. तिथे एकदा काकू भेटल्या आणि पिशवीतल्या कोथिंबिरीकडे बघत राहिल्या. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बर्फात गाडी घालून आलेला माणूस होता तो.

"गादी मागितली का?" नवरा रोज विचारायचा.

"अजून नाही," मी म्हणायचे. मग एका रविवारी तो निजायच्या खोलीतला फोटो उचलून त्याने दिवाणखान्यात, बुद्धाच्या मूर्तीच्या वर टांगला, आणि आता येईनात का कोणी, असं म्हणून चहा ठेवायला गेला.

आजोबांनी कारागिराला थांबवलं होतं, आणि खंदकांच्या बाजूने चर्चच्या कमिटीने हिवाळाभर किल्ला लढवला. त्यांना रणभूमी सोडून हौद नको होते. शेवटी एका कॉलेजातल्या तज्ज्ञाला बोलावून थोडं उकरून पाहिलं, तर आणखी शिंगं निघाली आणि कमिटी गप्प झाली. बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर कारागिराने ओळ कोरली. पण तोवर आजोबांचे डोळे गेले होते. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. ओळ भरली, आणि ती वाचायचं मात्र त्यांच्या नशिबी राहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

मे महिन्यात आजोबांनी सगळ्यांना दगड पाहायला बोलावलं. चर्चची माणसं होती, त्यांचे भाचे-पुतणे होते, आम्ही होतो. मी तेच रोल करून नेले होते. कार्यक्रम सुरू होणार इतक्यात ती ओळखीची स्टेशन वॅगन येऊन थांबली. काका एकटेच उतरले, टाय लावलेला. आजोबांनी त्यांना स्वतः फोन केला होता आणि, नंतर मला कळलं, नाही म्हणूच दिलं नव्हतं. काका माझ्यापासून चार माणसं सोडून उभे राहिले.

"माझ्या मित्राचा आवाज चांगला आहे," आजोबा म्हणाले. "त्यांनी वाचावं."

काका पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला आणि नाव वाचलं, ठणठणीत आवाजात. नाव आणि सैनिक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आजोबांनी पूर्वजाचा कातडी कमावायचा धंदाही कोरून घेतला होता. तिथे काकांचा आवाज एकदम खाली गेला.

"काय?" आजोबा म्हणाले. "ऐकू नाही आलं. मोठ्याने."

"टॅनर," काका म्हणाले.

"मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

"टॅनर!" काका जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनी सैनिक वाचलं, आणि सगळ्यात शेवटी जन्माचं गाव. आजोबांचं बोट त्यांच्या आवाजाबरोबर अक्षरांच्या खाचांतून पुढे पुढे जात होतं, आणि ओळ संपली तेव्हा ते बोट तिथेच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

नंतर मी भिंतीवर डबे उघडले. लोक येऊन रोल घेऊन जात होते. काका आले, जरा वेळ डब्याकडे बघत उभे राहिले, आणि मग एक रोल उचलून घास घेतला. माझ्या हातचं ते आधीही खायचे. खाल्लं म्हणून त्यांचे आभार मानायचा माझा विचार नव्हता.

घास गिळून त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या आजीचं गाव कुठलं म्हणालात?"

"ऐकू नाही आलं, काका," मी म्हटलं. "मोठ्याने."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे. मग हसू दाबत, चर्चची सगळी माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्याने त्यांनी मराठीत विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

आणि मी सांगितलं. गाव सांगितलं, तालुका सांगितला, आणि आमचं घर नाल्याच्या कोणत्या अंगाला होतं तेही सांगितलं.